हौदातली रेघ

आरशानं कुठं पाणी चढतंय का, असं गुरुबसप्पा पाडव्यापासून जो भेटेल त्याला विचारत होता आणि उत्तराची वाट न बघता पचकन थुंकत होता. त्याच्या विहिरीच्या काठावर लोखंडी पायांवर आठ सोलर पॅनल उभे राहिले होते, चार खाली, चार वर. सुनेनं, भुवनेश्वरीनं, तालुक्याला सात हेलपाटे घालून ते आणले होते. पॅनल हा शब्द गुरुबसप्पानं तोंडातून काढला नाही. तो आरसे म्हणायचा. "आमच्या सुनंनं रानात आरसे लावलेत. म्हशी भांग पाडूनच चरायला जात्यात आता," असं देवळाच्या कट्ट्यावर सांगायचा आणि माणसं हसली की त्याला पोट भरल्यासारखं वाटायचं.

नावं ठेवायचा त्याला हक्कच होता म्हणा ना. अक्कलकोटच्या एसटी स्टँडसमोर त्यानं तीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं होतं. वीस गावांच्या जळक्या मोटरी त्याच्या हातून गेल्या होत्या. तांब्याची तार ओढून ओढून उजव्या अंगठ्याच्या नखाला कायमची खाच पडली होती. लांबून मोटरीचा आवाज ऐकला तरी कुठला फेज कमी येतोय ते तो सांगायचा, आणि वर ते न कळणाऱ्याच्या अकलेचा उद्धारही करायचा. वायरमनला तो खांबावरचं माकड म्हणायचा. डिझेल इंजिनाला, खोकणारं म्हातारं. शिवेपलीकडच्या टेकडीवर पवनचक्क्या होत्या, त्यांच्यावर तर त्याचा विशेष राग. "आषाडात आबाळ गळालंय, पान्याची कुनाला पडली न्हाय, तवा ह्या गरगर फिरत्यात. चैत्रात जीव जायची येळ आली की पाहुन्यागत उब्या!" लाईटलाही तो सोडायचा नाही. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यात निम्मा वेळ दाब कमी. पण लाईट ही त्याची होती. तिच्या खोड्यांवर त्याचं घर उभं राहिलं होतं.

त्याच लाईटनं त्याच्या पोराचा हात खाल्ला होता, ते मात्र तो कट्ट्यावर सांगत नसे.

विहीर दोघा भावांत होती, मोटरही दोघांत. स्टार्टर धाकट्या सिद्धलिंगप्पाच्या बांधावर, पत्र्याच्या पेटीत. रात्रीची लाईट आली की उठून मोटर चालू करायला थोरल्याच्या घरातल्यानं जायचं, हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. तीन वर्षांमागं स्टार्टर सारखा पडायला लागला, तेव्हा गुरुबसप्पानंच आतली, बिघाड झाला की लाईट तोडणारी रिले काढून तारा डायरेक्ट जोडल्या. "जादा शानी हाय ती रिले," म्हणाला होता. भाद्रपदातल्या ओल्या पहाटे महेश्वरचा हात त्या पेटीत चिकटला. पोरगा वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली ती आखडलीच. आता तो सोलापुरात कापडाच्या दुकानाच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकाला सलाम ठोकतो, आणि सलामात ती दोन बोटं वाकडी राहतात.

तेव्हापासून रात्री भुवनेश्वरी जायची. नवऱ्याचे गमबूट, पुढच्या टोकाला कागदाचे बोळे कोंबलेले, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. पेटीखाली एकदा घोणस निघाली होती. तिनं घरी येऊन सांगितलं, तर गुरुबसप्पा म्हणाला, "तिलाबी पानी लागत आसंल."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगप्पा आला, अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "अण्णा, मी नवी मोटर आनालोय. पंदरा दिसांनी सोमवारी हिरीत सोडनार. तुमी वाट्यात हाय का न्हाय ते सांगा. एकदा भाईर पडलाव की मग तारंला हात लावू देनार न्हाय बगा." भावाच्या प्रेमानं विचारत होता असं नाही. थोरल्याची सून रात्री बटण दाबते म्हणून याचा ऊस पाणी पितो आणि हा कुशी बदलतो, एवढाच तो हिशेब होता.

भुवनेश्वरी हौदाजवळ उभी होती. तिनं विटकरीचा तुकडा उचलला आणि हौदात उतरून आतल्या भिंतीवर, काठाच्या चार बोटं खाली, एक आडवी रेघ ओढली.

"मामा, पंदरा दिस सोलरवर काकडी भिजवू. चार वाजस्तवर पानी ह्या रेघंला लागलं तर आपुन मोटरीतनं भाईर. मी परत त्या पेटीला हात लावनार न्हाय. न्हाई लागलं तर सोमवारपास्नं मी हायेच की स्टार्टरला."

"आगं, आरशावर कुटं पानी..."

"बगू की."

अर्ध्या एकरात काकडी होती, फुलोऱ्यातून नुकती फळावर आलेली. तिला रोजचा एक हौद लागायचा. पहिल्या दिवशी तीनलाच पाणी रेघेवर गेलं. गुरुबसप्पा म्हणाला, "नवं हाय, पळतंय. बैल काय पयल्या दिशी बसतोय का?"

आता गुरुबसप्पाची एक सवय सांगायला पाहिजे. सकाळी आंघोळ, लिंगपूजा झाली की स्वतःच्या कपाळावर विभूती ओढायची आणि उरलेल्या ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवून घरातल्या कामाच्या वस्तूंना पट्टे ओढत जायचं. सायकल, कुळव, पंपाचा पाइप. दुकानात असताना एकही मोटर त्यानं पट्ट्यांशिवाय गिऱ्हाइकाला दिली नव्हती. पॅनल आले, तर आरसे म्हणून हिणवतानाच दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं त्यांनाही पट्टे ओढले. वर हात पोचत नव्हता, म्हणून खालच्या चार पॅनलांना, छातीच्या उंचीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याला ते आवडत होते म्हणून नव्हे. रानात उभं आहे ना, मग पट्टा पाहिजे.

भुवनेश्वरी कंपनीच्या माणसानं सांगितल्याप्रमाणं दर तीन दिवसांनी मऊ फडक्यानं काचा पुसायची. पण पट्ट्यांच्या वरनं आणि खालनं. विभूती कशी पुसायची? ती आपण होऊन झडली तर झडू दे. झडत तर नव्हतीच, खालनं तापलेली काच आणि वर रोजचा नवा ओला थर, आठवड्याभरात पट्टे चुन्याच्या भिंतीसारखे जाड झाले.

आणि पाणी उतरायला लागलं. चौथ्या दिवशी रेघेच्या वीतभर खाली. सहाव्या दिवशी हौद पाऊण. आठव्या दिवशी निम्मा. वर ऊन असं की चप्पल चिकटत होती, आणि पाइपातली धार म्हाताऱ्याच्या लघवीसारखी. भुवनेश्वरी हौदात वाकून बघायची, बादली घेऊन सरीच्या टोकाच्या वेलांना हातानं पाणी घालायची. विहिरीतून पोहऱ्यानं ओढायचं, पन्नास पावलं न्यायचं, ओतायचं. खांद्यावर पदराखाली दोराचा वळ उठला होता. गुरुबसप्पा बांधावरच्या लिंबाखाली बसून हे बघायचा आणि म्हणायचा, "सूर्यानं पानी दिलं आसतं तर वाळवंटात ऊस न्हवता का लागला?"

दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. चन्नवीर त्याचं नाव, तिशीतला, मोटारसायकलवर पेटी बांधलेला, कपाळावर याच्याही तीन पट्टे. गुरुबसप्पानं त्याला पाणी विचारायच्या आधी अक्कल विचारली.

"काय रं, मोटर उगडलीस का कदी जल्मात?"

"उगडलीय की, अज्जा."

"मंग सांग, सूर्याला फेज किती आसत्यात?"

चन्नवीर ओशाळं हसला. त्यानं कंट्रोलर उघडला, तारेभोवती मीटरचा चिमटा लावला, कपाळावर आठ्या घातल्या. पॅनलांसमोर येऊन उभा राहिला. पांढऱ्या पट्ट्यांकडं बघितलं. हात पुढं झाला, आणि तिथंच थांबून मागं आला नि स्वतःच्या कपाळाला लागला.

"अज्जा, हितं सावली पडती का कशाची?"

"सावली? झाड कुटं दिसालंय तुला? डोळं हाईत का बटनं?"

"न्हाय, म्हंजे..." चन्नवीर पट्ट्यांकडं न बघता पॅनलच्या पायाशी बोलत होता. "आटी पॅनल एका माळंत हाईत. एकाच्या एका वळीवर जरी काय आडवं आलं, तरी सगळ्या माळंचा करंट तुटतोय. मानूस काचेकडं बगून म्हनतोय, एवडं तर उगडं हाय. पन तसं नसतंय ते."

"बरं बरं. साकु, पुरं झालं. शिकवू नगंस." गुरुबसप्पा उठलाच नाही. चन्नवीरनं चहा नको म्हटलं आणि गाडीला किक मारली.

धुरळा बसला. गुरुबसप्पा लिंबाखाली तसाच बसून राहिला. एका माळेत. माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, एक वेटोळं तुटलं की सगळी मोटर बसते. हे त्यानं किती जणांना बोट दाखवून सांगितलं होतं, किती जणांना त्यावरून गाढव म्हटलं होतं. तो उठून खालच्या पॅनलपाशी गेला. काचेत चौकोनी कप्पे होते, आडव्या ओळीत सहा. त्याचे पट्टे बरोबर एका ओळीवरून गेले होते, चारही पॅनलांवर. अंगठ्याच्या नखानं त्यानं टोकरलं. पापुद्रा निघाला, खाली काच निळी होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि नख धोतराला पुसलं.

म्हणजे आरशाची खोट नव्हती. ही गोष्ट तिसऱ्या कुणाला कळायची काही गरज नव्हती. पाच दिवस गप्प बसलं की झालं. सून हरते, आरसे हरतात, तीस वर्षांचं दुकान जिंकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटी घेऊन पॅनलांपाशी आला. तीन बोटं बुडवली. हात काचेसमोर थांबला. भुवनेश्वरी काकडीत वाकलेली होती, वेलांवर नुसता पदर दिसत होता. आरशापायी देवाचं काम बंद करायचं का, असं त्यानं स्वतःला विचारलं. देवाचा इथं काही संबंध नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं बोटं ओढली. पहिल्या पॅनलवर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. रोजच्यापेक्षा अंमळ दाबूनच.

काकडीनं पाण्याचा तुटवडा मनावर घेतला. तेराव्या दिवशी अक्कलकोटच्या बाजारातून दोन पोती परत आली. व्यापाऱ्यानं एक काकडी मोडून चाखली होती, भुवनेश्वरीच्या देखत थुंकला होता आणि म्हणाला होता, "बाई, हे औषदाच्या दुकानात ने." दुपारी तिनं सासऱ्याला भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली, आणि बाजूला काकडीच्या चकत्या. गुरुबसप्पानं एक तोंडात घातली. कडूजहर. घशापर्यंत कडू.

"कडू हाय का मामा?"

"न्हाय," तो म्हणाला आणि त्यानं चकती गिळली. तिनं अजून चार चकत्या वाढल्या. त्याही त्यानं खाल्ल्या.

रविवारी महेश्वर आला. बापलेक जेवायला बसले. महेश्वर डाव्या हातानं भाकरी मोडायचा, आखडलेल्या बोटांनी ताट धरायचा. भुवनेश्वरीनं खुंटीवरचे गमबूट काढले, त्यात कागदाचे नवे बोळे कोंबले, बॅटरी लावून बघितली. महेश्वर बघत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "अप्पा, ह्या आटवड्यात लाईट रातची हाय ना?"

"हाय."

"पेटीतली रिले बशिवली का?"

गुरुबसप्पानं ताटातली भाकरी उगाच चुरली. तीन वर्षांत पोरगा पहिल्यांदा रिलेबद्दल बोलला होता, तेही आवाज न चढवता. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याच्या घशातला कडूपणा काही जाईना.

सोमवारी उजाडता उजाडता गुरुबसप्पा रानात गेला. पूजा केली नव्हती, वाटी आणली नव्हती. खांद्यावरचा टॉवेल हौदात बुडवून त्यानं काचेवर चोळला. पट्टा निघेना. पंधरा दिवसांचे थर, भाजून घट्ट झालेले. मग तो नखानं खरवडायला लागला, त्या खाच पडलेल्या नखानं. पांढरी पूड मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यानं विभूती कधी पुसली नव्हती. "चुकलं, चुकलं," असं तो पुटपुटत होता, आणि ते देवाला का सुनेला हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. चारही काचा निळ्या झाल्या तेव्हा त्याचं नख फुटून रक्त आलं होतं.

आता गुपचूप हौद भरेल. कुणाला काही सांगायला नको. सिद्धू आपली मोटर घेऊन बसेल बोंबलत.

साडेसातला सोलरची मोटर लागली. पाइपातून मनगटाएवढी धार सुटली. भुवनेश्वरी वेलांतून उठून आली, धारेकडं बघितलं, पॅनलांकडं बघितलं, त्याच्या फुटक्या नखाकडंही बघितलं.

"आज ऊन बरं हाय," गुरुबसप्पा म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

अकरा वाजेपर्यंत हौद निम्म्याच्या वर गेला. आणि मग मेलं आभाळ भरून आलं. दक्षिणेकडून, चैत्रात, काही कारण नसताना. धार बारीक झाली, तुटली, मोटर गुरगुरून बसली. गुरुबसप्पानं जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या असल्या शिव्या त्या ढगांना दिल्या. पाऊस तर पडंना, आणि ऊनही खाऊन बसलंय! टॉवेल डोक्यावर टाकून तो हौद ते विहीर, विहीर ते हौद अशा येरझाऱ्या घालत होता. दोन वाजता ऊन फटफटलं, पण अर्धवट. मोटर लागायची, थांबायची, परत लागायची.

बरोबर चारला सिद्धलिंगप्पाचा टेम्पो आला. नवी मोटर, पाइप आणि चार गडी. तो सरळ हौदावर आला, वाकून बघितलं. पाणी रेघेच्या वीतभर खाली होतं.

"झालं की मग!" त्याचा चेहरा फुलला. "आरशाचा खेळ खलास. चला, एका मोटरीवरच दोगांचं बरं. सूनबाई, रातची लाईट हाय बग, साडेधाला येती. मी झोपतो लौकर, तूच दाब बटन."

भुवनेश्वरी वस्तीकडं वळली. दारातल्या खुंटीवरचे गमबूट तिनं काढले आणि खाली बसून पाय झाडला.

"थांब," गुरुबसप्पा ओरडला. "सिद्दू, आज तीन तास आबाळ हुतं. मोटर बसून हुती. तरी पानी रेघंच्या वीतभर खाली. काल दिसभर चक्क ऊन, तरी हौद निम्मा. आता तूच सांग. आबाळात ज्यादा, उनात कमी. खोट उनात आसंल का?"

"मंग कशात?"

चारही गडी बघत होते. गुरुबसप्पानं फुटकं नख मुठीत धरलं. "माज्यात. रोज इभूतीचं पट्टं वडलो काचंवर. माळ तुटली. मोटरीवाला म्हनवतो आनि एवडं कळलं न्हाय."

सिद्धलिंगप्पा क्षणभर बघत राहिला आणि मग जो हसला, जो हसला. मांडीवर थापा मारत हसला. गडीही हसले, टेम्पोवाला खाली उतरून विचारायला लागला काय झालं, आणि त्यालाही सांगितलं गेलं. "वीस गावाचा मिस्तरी! इभूतीनं सूर्य जाम केला!" उद्या ही गोष्ट कट्ट्यावर जाणार होती, आणि परवा अक्कलकोटला स्टँडसमोर. गुरुबसप्पा खाली मान घालून उभा राहिला.

भुवनेश्वरी हसली नव्हती. गमबूट हातात घेऊन ती आली.

"कळलं न्हाय म्हनू नका मामा," ती म्हणाली. आवाज शांत होता. "चन्नवीर आला त्या दिशी तुमाला कळलं. नख टोकरून बगितलाव तुमी. दुसऱ्या दिशी हात थांबला तुमचा, आनि मग वडलाव. वेलातनं बगत हुते मी."

सिद्धलिंगप्पाचं हसू अर्ध्यात राहिलं.

"मंग तू का पुसली न्हाईस?" गुरुबसप्पानं विचारलं.

"मी पुसली आसती तर सुनंनं इभूती पुसली म्हनून जल्मभर कट्ट्यावर सांगितलं आसतं तुमी. आनि मला बगायचं हुतं, तुमी आजून किती दिस वडताय ते." ती सिद्धलिंगप्पाकडं वळली. "काका, आमी सोलरवर. पन मोटरीतला वाटाबी सोडनार न्हाय. असलं आबाळ आलं तर वेल काय माझ्या शब्दावर थांबनार न्हाईत. पेटीत रिले बसवा आधी. आनि आबाळाच्या दिशी रातची लाईट आली की स्टार्टरला एक आटवडा तुमी जायचं, एक आटवडा मामा. न्हाय जमत तर मोटर तुमची तुमी चालवा, रातचं उटून."

सिद्धलिंगप्पानं टेम्पोतल्या मोटरीकडं बघितलं. भावाकडं बघितलं. मग गड्यांना मोटर उतरवायला हात केला.

भुवनेश्वरीनं गमबुटातले कागदाचे बोळे एकेक करून बाहेर काढले आणि बूट गुरुबसप्पाच्या पायाशी ठेवले. त्याला ते बोळे लागणार नव्हते. बापलेकाचं माप एकच होतं. ती वळून परत काकडीत गेली. वीतभर कमी असलं तरी पाणी सोडायची वेळ झाली होती.

आभाळ परत भरून येत होतं. गुरुबसप्पानं वर बघितलं, मग बुटांकडं. हौदाच्या काठावर बसून त्यानं एक पाय आत घातला, मग दुसरा.

"आगं, बॅटरी कुटं हाय?" त्यानं विचारलं.

"खुंटीला," ती वेलांतून म्हणाली. वळून काही बघितलं नाही तिनं.